बीप वाजल्यानंतरची पाच मिनिटं : विमानतळावरच्या अंगझडतीबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, नवी दिल्ली
मा. महासंचालक, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, नवी दिल्ली

महोदय,

आमच्यापैकी काही जण कृत्रिम पाय बनवतात आणि बसवतात. काही जणी परिचारिका आहेत. आतड्याच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या पोटावर पिशवी लागते, त्यांना ती सांभाळायला शिकवतात. सुरक्षा उपकरणांची देखभाल करण्यात वर्षं घालवलेलेही दोघे-तिघे आहेत. आम्ही घरी पाठवलेला माणूस पुढे विमानाने प्रवास करतो, तेव्हा आम्ही त्याच्या अंगावर बसवलेली वस्तू तुमच्या जवानासमोर येते. तिथे काय बिघडतं, का बिघडतं आणि ते कसं टाळता येतं, हे आम्हाला कामातूनच माहीत आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहोत, आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं म्हणून उघड लिहितो आहोत.

झडती नको, असं आम्ही म्हणत नाही. १० सप्टेंबर १९७६ला इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं गेलं आणि त्यातून जानेवारी १९७८ मध्ये हा ब्युरो उभा राहिला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने समुद्रात पडलं आणि १ एप्रिल १९८७ला ब्युरोला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर ३ फेब्रुवारी २०००ला, जयपूरपासून विमानतळांवर औद्योगिक सुरक्षा दल आलं. हा सगळा इतिहास जीव गमावलेल्या माणसांचा आहे आणि तो आम्ही विसरलेलो नाही. तासन्‌तास उभं राहून अनोळखी माणसांच्या अंगावरून हात फिरवण्याचं काम जवानांनाही सुखाचं नसतं, हेही आम्ही पाहतो.

आमचा प्रश्न एका लहानशा वेळेबद्दल आहे. यंत्र वाजतं किंवा स्कॅनरच्या पडद्यावर शंकेच्या जागी चौकोन उमटतो, तेव्हापासून प्रवाशाला ‘जा’ म्हणेपर्यंतची ती पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत कुणी काय करायचं, कुठे थांबायचं आणि प्रवासी काय मागू शकतो, हे प्रवाशाला वाचता येईल असं कुठेही लावलेलं नसतं. विमानात काय न्यायचं नाही याचे फलक मोठमोठे असतात. आपल्या अंगाला कुठवर हात लागेल, याचा फलक मात्र नसतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं, की प्रत्येक प्रवासात त्यांना कृत्रिम पाय काढायला लावतात. त्यांनी एक साधं कार्ड मागितलं होतं. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. त्यानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कृत्रिम अवयव लावलेल्या प्रवाशाला तो काढायला लावू नये आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उचलू नये. आणि मार्च २०२२ मध्ये गुवाहाटी विमानतळावर खुब्यात टायटॅनियमचा सांधा बसवलेल्या एका वृद्ध महिलेला कपडे उतरवायला लावल्याची तक्रार झाली. दलाने निलंबनाची कारवाई केली. आमच्या मते तिथे चुकलेल्या हातापेक्षा मोठी चूक त्या हाताला काहीच लिहून न देण्याची होती. यंत्र वाजलं, धातू शरीराच्या आत आहे, तो काढून दाखवता येत नाही. मग पुढची पायरी कोणती? पायरी ठरलेली आणि पाठ असती, तर वेळ कपड्यांवर आली नसती.

आता एकेक गोष्ट नीट मांडतो.

कृत्रिम पाय काढा असं म्हणणं म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या. गुडघ्याखालच्या पायाचं घेतो. पाय छाटल्यानंतर उरलेल्या भागावर, ज्याला स्टंप म्हणतात, आधी सिलिकॉनचा लायनर गुंडाळत चढवायचा असतो. मध्ये हवा राहिली तर कातडी सोलते. त्यावर गरजेप्रमाणे एक, दोन किंवा तीन जाडीचे मोजे. मग सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा पेल्यासारखा भाग. लायनरच्या टोकाला खिळ असेल तर उभं राहून वजन देत ती आत बसवायची. ‘कट्‌ कट्‌’ असे आवाज मोजायचे. नेहमी सहा होत असतील आणि आज चारच झाले, तर पाय नीट बसलेला नाही. हे सगळं उतरवायला बसायची जागा लागते आणि परत चढवायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यात स्टंप सॉकेटबाहेर मोकळा राहिला की काही मिनिटांत सुजायला लागतो, आणि मघाशी सहज बसलेलं सॉकेट आता आत जात नाही. घाईत, उभ्याने, एका हाताने टेबल धरून ते दाबून बसवलं की पुढच्या चार तासांच्या प्रवासात फोड येणार, हे ठरलेलं. आणि एवढं करून तो पाय जातो कुठे? लॅपटॉप आणि बुटांच्या मागोमाग, त्याच ट्रेमध्ये, सगळ्यांच्या देखत.

एवढं सगळं करून सुरक्षेला काय मिळतं? जयपूर फूटमध्ये रबर, लाकडाचा ठोकळा आणि एक बोल्ट असतो. नव्या पायात कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियमची नळी. आत काही लपवलंय का हे पाहायला स्फोटकांचा अंश शोधणारं यंत्र तुमच्याकडे आहेच. प्रवाशाने पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यावी, जवानाने सॉकेटची कड, नळी आणि पावलाचा जोड यांवरून स्वॅब, म्हणजे कापडाची छोटी पट्टी, फिरवावा, तो यंत्रात घालावा. काही सेकंदांत उत्तर येतं. शंका उरलीच तर बंद खोलीत, खुर्चीवर बसवून नजरेने पाहावं. पाय अंगावर असतानाच हे सगळं होतं.

स्वॅबचीही एक अडचण आहे, ती लपवत नाही. हाताला लावलेल्या क्रीममधलं ग्लिसरीन, शेतावरून तसंच निघालेल्या माणसाच्या हातावरचं खत, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, यातल्या कशानेही यंत्र खोटा इशारा देऊ शकतं. म्हणून इशारा आला की आधी हात धुवायला लावून दुसरा स्वॅब घ्यायचा, त्याला संशयित ठरवायचं नाही, ही पायरीही लिहिलेली हवी.

पोटावरच्या पिशवीबद्दल तर कुणी बोलतच नाही; ज्यांना ती असते ते घरातही बोलत नाहीत. आतड्याचा कॅन्सर, अपघात, जन्मदोष अशा कारणांनी शौचाचा मार्ग पोटावर काढलेला असतो; त्याला स्टोमा म्हणतात. कातडीला चिकटणारी एक चकती आणि तिला लागलेली पिशवी. बाहेरून हाताने चाचपताना चकतीची कड उचलली गेली की गळती सुरू होते. मग तो माणूस विमानात चढतच नाही. स्वच्छतागृहात जाऊन बसतो, आणि त्याचं विमान सुटतं. यावर उपाय सोपा आहे आणि अमेरिकेच्या विमानतळांवर तो वापरात आहे: प्रवाशाने स्वतःच्या हाताने कपड्यांवरून पिशवी दाबायची, मग त्याच्या हाताचा स्वॅब घ्यायचा. जवानाला हात लावावा लागत नाही, तपासणीही पूर्ण होते. स्तनाच्या कॅन्सरनंतर ब्राच्या खिशात सिलिकॉनचा स्तन ठेवणाऱ्या बायकांसाठीही हीच रीत चालते. ‘हे काय आहे, काढून दाखवा’ हे वाक्य बायकांच्या झडतीच्या बूथमध्ये उच्चारलं जाता कामा नये. तिथे उभी असलेली बाई हे वाक्य वर्षानुवर्षं विसरत नाही.

बूथचंच पाहा. प्लायवूडच्या तीन बाजू, चौथीकडे कड्यांवर लोंबणारा पडदा. पडदा कडेने वीतभर उघडा राहतो आणि प्रत्येक जण आत-बाहेर करताना तो सरकतो. आत खुर्ची नसते, धरायला दांडी नसते, पर्स टांगायला खुंटी नसते. छत नसतं, आणि वरच्या मोठ्या छतावर कॅमेरे असतात. त्या कॅमेऱ्यांना बूथच्या आतलं दिसतं का, हे प्रत्येक विमानतळाने शिडीवर चढून प्रत्यक्ष तपासलं पाहिजे. पुरुषांना तेवढाही आडोसा नाही. त्यांची झडती चौथऱ्यावर, सगळ्यांसमोर. पुरुषाला लाज नसते हे कुणी ठरवलं? लघवीची नळी लावलेला सत्तरीचा माणूस शर्ट वर करून शंभर लोकांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. आणि ज्यांची ओळख स्त्री-पुरुष या दोन रांगांत बसत नाही त्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क दिला. रांगा मात्र दोनच राहिल्या. कुणी झडती घ्यायची हे त्या व्यक्तीला विचारायचं, एवढंच यात करायचं आहे.

मेटल डिटेक्टरच्या चौकटीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. आजच्या चौकटींच्या कडेला दिव्यांची पट्टी असते आणि धातू कोणत्या उंचीवर आहे ते ती दाखवते. दिवा घोट्याजवळ लागला तर छाती चाचपण्याचं कारण काय? पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चौकट वाजो अथवा न वाजो, प्रत्येकाची हाताने झडती होतेच. म्हणजे यंत्राने दिलेली माहिती वायाच जाते. चौकट दर पाळीला चाचणीच्या तुकड्याने तपासली नाही, किंवा सरकत्या जिन्याच्या लोखंडाजवळ उभी केली, तर ती विनाकारण वाजत राहते. मग जवानाचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि सगळा भार हातावर येतो. हातातलं डिटेक्टर अंगापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर धरूनही काम करतं. तरी ते अंगाला टेकवून, दाबून फिरवलं जातं. ब्राचा हुक आणि तार वाजणारच, हे बूथमधल्या प्रत्येक महिला जवानाला माहीत आहे. तरी रोज तोच प्रश्न विचारला जातो.

गुडघा किंवा खुबा बदललेली माणसं आज घरोघरी आहेत. मुलांकडे अमेरिकेला, दुबईला निघालेल्या आजी-आजोबांच्या फाइलमध्ये डॉक्टरांचं पत्र असतं. खरं सांगायचं तर त्या पत्राने फार फरक पडत नाही, आणि पडूही नये. कागद कुणीही छापू शकतो. पत्राचा उपयोग बोलणं लवकर सुरू व्हावं इतकाच. खरी तपासणी कपड्यांवरून, हाताच्या मागच्या बाजूने आणि स्वॅबने होते. त्याला एक-दोन मिनिटं लागतात.

आता बॉडी स्कॅनर. या पत्राचं तातडीचं कारण तेच आहे. एप्रिल २०१९ च्या तुमच्या आदेशाने २८ अतिसंवेदनशील विमानतळांना एका वर्षात आणि ५६ संवेदनशील विमानतळांना दोन वर्षांत ही यंत्रं बसवायला सांगितली होती. मुदती लांबल्या. २०२५ मध्ये दिल्लीत चाचण्या झाल्या. यंत्रं येणार, आणि ती यावीत असंच आम्हाला वाटतं. मिलिमीटर लहरींचा स्कॅनर क्ष-किरण वापरत नाही, गरोदर बाईलाही त्याचा धोका नाही, आणि नीट वापरला तर हाताची झडती निम्म्याहून कमी होऊ शकते.

‘नीट वापरला तर’ या शब्दांतच सगळं आलं. या लहरी कपड्यातून आरपार जातात आणि कातडीवरून परत येतात. म्हणजे यंत्राच्या आत शरीराच्या आकाराची प्रतिमा तयार होतेच. पुढे सॉफ्टवेअर ती प्रतिमा कुणालाही न दाखवता एका ठराविक बाहुल्यावर फक्त शंकेच्या जागी चौकोन काढतं. हे सॉफ्टवेअर चालू आहे की नाही, आणि मूळ प्रतिमेचं पुढे काय होतं, यावर सगळा खासगीपणा टांगलेला आहे. अमेरिकेत २०१० मध्ये उघड झालं, की फ्लॉरिडातल्या एका न्यायालयाच्या दारावर बसवलेल्या स्कॅनरने ३५ हजारांहून जास्त प्रतिमा साठवून ठेवल्या होत्या. पुढे बाहुल्याचं सॉफ्टवेअर ज्या क्ष-किरण स्कॅनरांत बसवता आलं नाही, ते २०१३ मध्ये तिथल्या विमानतळांवरून काढून टाकले. युरोपीय संघाने २०११ मध्येच नियम केला: प्रतिमा साठवायची नाही, छापायची नाही, आणि ज्याला स्कॅनर नको त्याला दुसऱ्या पद्धतीने तपासणी मागता येते. आपल्या प्रवाशाला वाचता येईल असं यातलं काय आहे?

आणि ही यंत्रं इथल्या कपड्यांवर कशी वागतात, ते जाहीर करा. नाभीपाशी खोचलेल्या निऱ्या म्हणजे कापडाचे आठ-दहा थर एकावर एक. नऊवारीचा मागे खोचलेला काष्टा, धोतर, पदराची घडी या सगळ्यांत लहरी अडकतात आणि चौकोन नेमका कमरेवर नाही तर मांडीवर उमटतो. कोकणातल्या, गोव्यातल्या दमट हवेत पाठीवर घामाने चिकटलेला सदराही इशारा देतो, कारण पाणी या लहरी परतवतं. पाळीचं पॅडही चौकोन आणतं. खांदा आखडलेल्या माणसाला हात वर धरता येत नाहीत, तर यंत्र त्याला पुन्हा पुन्हा उभं करतं. काही इन्सुलिन पंपांच्या उत्पादकांनी पंप घेऊन स्कॅनरमधून जाऊ नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. यातला प्रत्येक खोटा चौकोन शेवटी जवानाच्या हाताकडेच जातो, तोही शरीराच्या सगळ्यात खासगी भागावर. साडीवर किती टक्के इशारे खोटे येतात, हा आकडा चाचण्यांतून तुमच्याकडे आला असणार. तो लोकांसमोर ठेवा.

चेहरा ओळखणाऱ्या डिजीयात्रेबद्दल इथे लिहीत नाही. तिथे नाही म्हणायची सोय निदान कागदावर आहे. बूथमध्ये तेवढीही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ सांगतं, की अटक झालेल्या स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि शालीनता काटेकोरपणे पाळून घ्यावी. गुन्ह्याच्या आरोपात पकडलेल्या बाईला कायद्याने जे लिहून दिलं आहे, ते पुण्याहून नागपूरला लग्नाला निघालेल्या बाईला दारावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

आमच्या मागण्या अशा:

१. रांग सुरू होते तिथे, ट्रेच्या आधी, एक फलक लावा. महाराष्ट्रात मराठी, हिंदी, इंग्रजी. गोव्यात कोकणी आणि मराठीही. त्यावर एवढंच: बंद खोली मागता येते, सोबत एक माणूस नेता येतो, कृत्रिम अवयव काढायला लावणार नाहीत, झडती कुणी घ्यावी हे सांगता येतं, स्कॅनरऐवजी हाताची तपासणी मागता येते. तक्रारीचा नंबर खाली.

२. प्रत्येक तपासणी केंद्रावर दार असलेली एक खोली. आत व्हीलचेअर वळेल इतकी, म्हणजे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, हात असलेली खुर्ची, भिंतीला दांडी, खुंटी, आरसा. कॅमेरा नाही. नवी मुंबईचं विमानतळ नुकतंच सुरू झालं आहे. तिथे पुढचे टप्पे बांधताना हे नकाशातच घाला. नंतर प्लायवूड ठोकून हे साधत नाही.

३. बाहुल्याचं सॉफ्टवेअर नसलेला एकही स्कॅनर चालू करू नका. प्रतिमा साठवण्याची आणि बाहेर पाठवण्याची सोय यंत्रातून काढून टाका, चाचणीच्या नावाखालीही ठेवू नका, आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून दर वर्षी तपासून अहवाल प्रसिद्ध करा.

४. कपडे बाजूला करायला लावणारी किंवा बंद खोलीतली प्रत्येक झडती नोंदवहीत लिहा: वेळ, कारण, कुणाच्या परवानगीने. त्या नोंदीचा क्रमांक चिठ्ठीवर प्रवाशाला द्या. नोंद करावी लागणार म्हटलं की निम्म्या अनावश्यक झडत्या आपोआप थांबतील, असं आम्हाला वाटतं.

५. प्रवासाच्या तीन दिवस आधी फोन करून आपली अडचण सांगता येईल अशी एक मदतवाहिनी. अमेरिकेत अशी सोय २०११ पासून आहे. सुधा चंद्रन यांनी मागितलेलं कार्डही याच वाहिनीकडून मिळावं. ते तपासणीतून सूट म्हणून नको. कोणती पद्धत वापरायची हे जवानाला एका नजरेत कळावं म्हणून हवं.

६. प्रशिक्षण. यासाठी तुम्हाला बाहेर शोधावं लागणार नाही. खिळेचा पाय, सक्शनचा पाय, पोटावरची चकती आणि पिशवी, सिलिकॉनचा स्तन, इन्सुलिन पंप, लघवीची नळी (कॅथेटर) यांचे नमुने आमच्याकडे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातल्या दोन्ही विमानतळांवर, जवानांच्या प्रत्येक पाळीला दोन तास आम्ही विनामूल्य येऊ. जवानांनी ते नमुने हातात घ्यावेत, स्वॅब घेऊन पाहावा, आमच्यापैकी कुणाच्या तरी अंगावर तपासणी करून पाहावी. चुकलं तर आम्ही तिथेच सांगू.

पहिलं सत्र कधी आणि कुठे घ्यायचं, तेवढं कळवा. नमुन्यांची पेटी तयार आहे. ती विमानतळाच्या आत आणायला लागणारं परवानगीपत्र फक्त तुमच्याकडून हवं.

कळावे,

आपले,
कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, स्टोमा परिचारिका आणि सुरक्षा उपकरणांच्या देखभालीत काम केलेले काही नागरिक